तुझा हातगुण गेला नव्हता

आई, तुझ्या हातात काही दोष नव्हता. एवढं एकच वाक्य मला तुला सांगायचं होतं आणि ते सांगायच्या आधी तू गेलीस, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. आधी कसली! चांगली तीन वर्षं होती माझ्याकडे. रोज संध्याकाळी आपण दोघी एकाच स्वयंपाकघरात असायचो, तू रागीची भाकरी थापायचीस आणि मी भिंतीला टेकून चहा प्यायचे. कधीही सांगता आलं असतं. सांगितलं नाही. आपली कोथिंबीर तुझ्या हातानं गेली नाही, माझ्यामुळे गेली. रोग मी आणला, लॅबमधून, प्लास्टिकच्या पेल्यात लावून, तुला भेट म्हणून. आता मी तू गेलीस त्या वयापेक्षा मोठी झाले आहे, गुडघे कुरकुरतात, आणि कागदावर का होईना पण हे एकदा नीट क्रमानं मांडावं असं वाटतंय. तुला मध्येच उठून जायची सवय होती, गोष्ट लांबली की म्हणायचीस, "सरी, पुढचं उद्या," कन्नडातलं सरी, म्हणजे बरं. आज तेवढं चालणार नाही.

घरामागची ती बारा गुंठे जमीन मला अजून डोळे मिटून चालता येते. बेंगळुरूत, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या अलीकडे, तळ्याच्या अंगाला, जिथे आता उंच रस्त्याचे खांब आहेत. अप्पा यशवंतपूरच्या कारखान्यात पाळीवर जायचे आणि उरलेल्या वेळात झोपायचे, मातीशी त्यांचा संबंध चपलेपुरता. मळा तुझा होता. सात वाफे, सातही कोथिंबिरीचे. दर सोमवारी एक पेरायचा आणि जो तयार झाला असेल तो आठवडाभर पुरवून पुरवून काढायचा. म्हणजे तुझ्या मळ्यात कायम सात वयांची कोथिंबीर शेजारीशेजारी उभी असायची, नुकती दोन पानांवर आलेली इथपासून गुडघ्याला लागणाऱ्या जून कोथिंबिरीपर्यंत. विहिरीजवळच्या तुकड्यात बियाण्याची झाडं, पांढऱ्या फुलांनी भरलेली, ती तर कधी उपटायचीच नाहीत. तुझ्या सासूनं हे असंच केलं होतं, तिच्या सासूनंही. "आपल्या मळ्यात एक दिवस कोथिंबीर नाही असं झालेलं नाही," हे तू इतक्या वेळा सांगितलं होतंस की लहानपणी मी ते पाढ्यासारखं म्हणून दाखवायचे आणि तू हसत पाठीत धपाटा घालायचीस.

आणि तुझं पेरणं. धणे फरशीवर पसरून पाटाच्या पालथ्या बाजूनं रगडायचीस, प्रत्येक धणा बरोबर दोन डाळींत फुटायचा, पीठ व्हायचा नाही. रात्रभर भिजत टाकायचीस. सकाळी वाफ्याच्या कडेला अनवाणी उभी राहून आधी मातीला हात लावायचीस, मग कपाळाला, आणि मग मनगटाला एक हलका झटका देऊन मूठ सोडायचीस. दाणे कसे पडायचे ते आजही मला शब्दांत सांगता येत नाही. विरळ नाही, दाट नाही. मी कितीदा करून बघितलं, माझे एका जागी ढीग पडायचे. "तुझं मनगट इंग्लिश मीडियमचं आहे," असं तू म्हणायचीस. आसपासच्या बायका नवीन वाफा पेरताना पहिली मूठ तुझ्याकडून टाकून घ्यायच्या. कुंपणापलीकडची अक्का तर हळदीकुंकवाचं ताट घेऊन बोलवायला यायची. "निन्न कैगुण बेकम्मा," तुझाच हातगुण पाहिजे बाई, असं म्हणून तुझं कोपर धरून घेऊन जायची. नातेवाइकांत नवरात्राचे घट बसायचे तेव्हा धान्य पेरायला तूच. एका सकाळी चार-चार घरी फिरायचीस, सगळीकडे पोहे खाऊन यायचीस आणि दुपारी पोट धरून बसायचीस.

मला नोकरी लागली ती चौऱ्याण्णवच्या सुमारास. बी.एस्सी. झालेली मुलगी, वनस्पतींच्या विषाणूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट, दर सहा महिन्यांनी मुदत वाढवून मिळणार. माझं काम काय तर मावा पाळणं. कोवळ्या पानांच्या खाली चिकटून बसणारे ते मऊ हिरवे किडे. जाळीच्या पिंजऱ्यात त्यांना वाढवायचं, तासभर उपाशी ठेवायचं, मग चित्रकलेच्या सगळ्यात बारीक ब्रशनं एकेकाला उचलून आजारी झाडाच्या पानावर सोडायचं. उपाशी मावा लगेच सोंड खुपसतो. घड्याळात दोन मिनिटं मोजायची, पुन्हा ब्रशनं उचलून निरोगी रोपावर ठेवायचं. तेवढ्यात विषाणू एका झाडाचा दुसऱ्यात गेलेला असतो. कन्नडात त्याला झाडाची ऊ म्हणतात, तेव्हा तू बसमध्ये शेजारणींना अभिमानानं सांगायचीस, "माझी पोर सायंटिस्ट आहे, झाडांच्या उवा काढते." मी चिडायचे. पण तुझ्या आवाजातला तो अभिमान मला हवाही होता, हे आत्ता कबूल करते, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा वाटा आहे.

आमचा विषाणू निलगिरीकडच्या एका सेलरीच्या मळ्यातून आणलेला होता. सेलरी, पार्सली, कोथिंबीर, सगळी एकाच कुळातली भावंडं, सगळ्यांना तो लागायचा. बेंगळुरूच्या या अंगाला कोणी तो पाहिलेला नव्हता, म्हणून सरांचा नियम कडक. ते तसे मवाळ, हसरे गृहस्थ, पण एका गोष्टीवर भडकायचे. काचघरात गेलेलं काहीही जिवंत बाहेर जाणार नाही. रोप, माती, कुंडी, सगळं वाफेच्या टाकीत शिजवायचं आणि मग फेकायचं. "निरोगी दिसतंय तेसुद्धा," ते म्हणायचे, "दिसण्यावर जाऊ नका." मी पहिल्याच दिवशी हे वहीत लिहून घेतलं होतं, खाली रेघ मारून.

मग डिसेंबरात तू एके संध्याकाळी विचारलंस, "पार्सली म्हणजे काय ग? जयनगरच्या बाजारात हॉटेलचा एक माणूस रोज मागतोय. मी म्हटलं कोत्तंबरी घे, तर नको म्हणतो." मी हसून सांगितलं की आमच्याकडे कुंड्यांत आहे. तू लगेच डोळे बारीक केलेस, "एक रोप आण की. बघते रुजतंय का." त्या आठवड्यात मी बारा पार्सलींवर मावा सोडला होता. अकरा पिवळ्या पडल्या, पानं मुरडली. बारावी तजेलदार राहिली, महिनाभर, एक ठिपका नाही. हिला लागलाच नाही, हुकला, असं मी धरलं. टाकीत टाकायची म्हणजे जीवावर आलं, इतकी सुंदर होती ती. तू कुणाच्या दारचं मरतुकडं रोपसुद्धा घरी आणून जगवायचीस, तुझीच मुलगी मी. पाण्याच्या प्लास्टिकच्या पेल्यात लावून, डब्याच्या पिशवीत उभी करून आणली. बसमध्ये मांडीवर धरून बसले होते. तू हातात घेतलीस, वास घेतलास, एक पान चावलंस आणि तोंड वाकडं करून म्हणालीस, "ही कोथिंबिरीची सवत दिसते." पण खूश झाली होतीस. नोकरी लागल्यापासून मी तुझ्यासाठी आणलेली ती पहिली वस्तू. तू ती विहिरीजवळ लावलीस, बियाण्याच्या झाडांच्या कडेला, सगळ्यात चांगल्या मातीत, बुडाशी शेणाची राख घातलीस.

संक्रांत झाली. थंडीत मावा वाढतोच, दरवर्षी वाढतो, त्याचं कोणी काही वाटून घेत नाही. त्याच सुमारास अक्का ताट घेऊन आली आणि तू पलीकडे जाऊन तिच्या नव्या वाफ्यात पहिली मूठ टाकून आलीस. पंधरा-वीस दिवसांनी बियाण्याच्या झाडांची शेंड्याची पानं पिवळी-हिरवी, चट्ट्याचट्ट्यांची दिसायला लागली. तू म्हणालीस पाणी जास्त झालं असेल. मग जून वाफा, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. पानं आक्रसलेली, देठ आखूड, आणि तो वास, कोथिंबिरीचा तो उभ्या बाजारात ओळखू येणारा वास, तो निम्मा गेला. जयनगरला तू जुड्या विकायला बसायचीस त्या पायरीवर ठरलेली गिऱ्हाईक बाई आली, जुडी उलटीपालटी केली आणि परत ठेवली. "एनम्मा, सोप्पु हळदी आगिदे," पाला पिवळा पडलाय बाई, एवढंच बोलली. तू ते घरी येऊन सांगितलंस तेव्हा तुझा चेहरा कुणीतरी चारचौघांत अपमान केल्यासारखा झाला होता. जुड्या टोपलीत तशाच परत आल्या होत्या, केळीच्या सोपटानं बांधलेल्या.

"तू एवढी शिकलीस ना," तू म्हणालीस, "मग बघ की काय झालंय." तू पाच-सहा पानं ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या डब्याजवळ ठेवलीस. मी ती लॅबमध्ये नेली. आमची तपासणी एका पारदर्शक ताटलीत व्हायची, छोटे छोटे खळगे असलेली. पानाचा रस खळग्यात घालायचा, औषधं घालायची, विषाणू असेल तर पाणी पिवळं होतं. कोपऱ्यातल्या दोन रिकाम्या खळग्यांत मी तुझ्या कोथिंबिरीचा रस घातला. तिसऱ्यात पार्सलीचा, कारण सकाळी निघताना विहिरीजवळून तिचंही एक पान तोडून घेतलं होतं. का तोडलं ते मला तेव्हाच माहीत असणार. तिन्ही पिवळे झाले. पार्सलीचा सगळ्यात गडद, लिंबाच्या सालीसारखा. ती सुंदर, तजेलदार पार्सली अंगभर विषाणू घेऊन आपल्या विहिरीजवळ उभी होती आणि मावा तिच्यावरून उडून सातही वाफ्यांवर जात होता. सर मागून आले. "एनु इदु?" त्यांनी त्या खळग्यांकडे बोट दाखवलं, हे काय. मी म्हटलं, तुलनेसाठी घेतलेले जास्तीचे कंट्रोल आहेत सर. ते "सरी" म्हणून पुढे गेले. माझे कान गरम झाले होते. पुढच्याच महिन्यात माझी मुदत वाढवायची होती.

संध्याकाळी तू दारातच उभी होतीस. चहासुद्धा टाकला नव्हतास. मी चपला काढता काढता म्हणाले, "मावा पडलाय. फवारणी कर." तुला तेवढ्यानं बरं वाटलं. कशाचं तरी नाव कळलं. मी खोटं बोलले नाही, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं होतं. मावा पडलाच होता. पण आई, या विषाणूला फवारणीनं काही होत नाही हे मला माहीत होतं, ते माझं कामच होतं. औषध पडलं की मावा बिथरतो, या पानावरून त्या पानावर उड्या मारतो, मरायच्या आधी दहा झाडांना सोंड लावून जातो. तू पाठीवर पंप बांधून वाफ्यावाफ्यातून फिरत होतीस आणि मी मागच्या खिडकीतून बघत होते. तोंडाला पदर बांधला होतास. आठवड्यानं आणखी दोन वाफे गेले. पार्सली मात्र मी दुसऱ्याच दिवशी उपटून चुलीत घातली. तुला सांगितलं, मेली ती, आपल्याकडची हवा मानवली नाही.

खरा उपाय एकच होता आणि तो अगदी सोपा होता. सगळं उपटायचं, बियाण्याची झाडंसुद्धा, आणि तीन महिने त्या जमिनीत कोथिंबीर पेरायची नाही. जिवंत झाड नसेल तर तो विषाणू माव्यात टिकत नाही, मातीत राहत नाही, मेल्यासारखाच. तुझा सात वाफ्यांचा तो न तुटणारा क्रम हाच त्याचा रस्ता होता, जुन्याकडून नव्याकडे, नव्याकडून आणखी नव्याकडे. मी धीर करून म्हणाले, "आई, तीन महिने खंड घे. काही पेरू नकोस." तू भाजी निवडत होतीस, हात थांबला. "खंड? का?" मी म्हटलं, सर म्हणाले. "सरांनी आपला मळा बघितलाय?" नाही. "मग का ते तू सांग. नीट सांग, समजेल मला. मी काय अडाणी आहे होय?" तू अजिबात रागावली नव्हतीस. उलट टोपली बाजूला सारून, पाय दुमडून, ऐकायला बसली होतीस. आई, कधी नव्हे ती तू मध्येच न उठता ऐकायला बसली होतीस. एवढं सांगितलं असतं की हा कसला रोग आहे, तर पुढचा प्रश्न आला असता, आला कुठून. मी म्हणाले, "जाऊ दे, मला पण नीट माहीत नाही." तू टोपली पुढे ओढलीस आणि म्हणालीस, "तुझ्या आजीच्या वेळेपासून खंड नाही. माझ्या हातून नको." त्या सोमवारी तू रगडून भिजवलेले धणे पेरलेस. ते उगवले, छान उगवले, आणि तिसऱ्या पानावर पिवळे पडले.

तोवर कुंपणापलीकडे अक्काचा मळाही लागला होता. मावा कुंपण थोडंच बघतो. पण बायकांनी हिशेब लावला तो वेगळा आणि त्यांच्या परीनं बरोबरच. आधी तुझा मळा गेला, मग जिथे तू पहिली मूठ टाकलीस तो गेला. कुणी तोंडावर बोललं नाही. उगादीनंतर, म्हणजे पाडव्यानंतर, अक्कानं वाफे पुन्हा तयार केले. त्या सकाळी तू हात धुऊन, कुंकू लावून, धुतलेलं लुगडं नेसून कुंपणाजवळ काहीतरी वेचत असल्यासारखी करत उभी होतीस. मी ऑफिसला निघाले होते. अक्का आली ती दुसरीच कुणी बाई बरोबर घेऊन, हळदीकुंकवाचं ताट तिच्या हातात. तू दिसलीस तशी ती थबकली, तिलाही वाईट वाटलं असणार, चांगली बाई होती ती. "ई वर्ष बेडा बिडम्मा," या वर्षी नको, राहू दे, असं खाली बघत म्हणाली. तू म्हणालीस, "सरी अक्का, सरी." आणि घरात आलीस. मी दारात होते. माझ्याजवळून जाताना तू दोन्ही हात पदरात गुंडाळले होतेस. मी तिथेच बोलायला हवं होतं, कुंपणाशी, अक्कासमोर, त्या दुसऱ्या बाईसमोर, कन्नडात. माझी आठची बस होती. मी बस पकडली.

त्यानंतर तू पेरलं नाहीस. वाफे वाळले, बियाण्याची झाडं उभीच वाळली, पावसाळ्यात तिथे गवत माजलं, आणि वर्षाच्या आत अप्पांनी ती जागा सिमेंटचे ठोकळे पाडणाऱ्याला भाड्यानं दिली. अप्पांना बरंच वाटलं, रोजची दगदग सुटली म्हणाले. मला वाटलं होतं विषय संपेल. पण तू घरातही हात आखडायला लागलीस. लोणच्याला मसाला कालवायच्या वेळी कैऱ्यांची परात माझ्यापुढे सरकवलीस, "तूच कालव. माझ्या हातचं नासेल." दही लावताना मला हाक मारायचीस. शेजारच्या बाळाला कडेवर घ्यायला गेलीस आणि मध्येच मागे सरलीस, ते मी पाहिलं. मी म्हणायचे, "काहीतरीच काय आई, असं काही नसतं." शिकलेल्या मुलीसारखं म्हणायचे, जरा वैतागून. असं काही नसतं म्हणणं सोपं होतं. काय होतं ते सांगणं अवघड होतं.

नवरात्र आलं. त्या वर्षी कुणाकडूनही बोलावणं आलं नाही. आपल्या घरच्या घटासाठी तू पत्रावळीवर माती पसरलीस, धान्य ताटलीत काढलंस, आणि मला म्हणालीस, "आंघोळ झाली ना तुझी? ये, तू टाक." मी नाही म्हटलं. खूप जोरात नाही म्हटलं. तू म्हणालीस, "देवाच्या कामात हट्ट नको ग. मी टाकलं आणि उगवलं नाही तर?" तू हे इतक्या साध्या आवाजात विचारलंस. मी बसले. मूठ घेतली. तू समोर बसून बघत होतीस, मनगटाकडे. मी कसंबसं टाकलं. नवव्या दिवशी घट वीतभर वाढला होता, दाट, पोपटी, एका बाजूला जरासा झुकलेला. तू सगळ्यांना बोलावून दाखवलंस. माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतलास, कित्येक महिन्यांनी तू कुणाला तरी आपणहून हात लावत होतीस, आणि म्हणालीस, "बघ, कुठे गेला नाही तो. तुझ्याकडे आला." तुझे डोळे भरले होते. आनंदानं, आई. मी ताटली उचलायच्या निमित्तानं हात सोडवून घेतला.

तिथेही सांगता आलं असतं. मी ठरवलंसुद्धा, दसरा होऊ दे, मग सांगू. मग वाटलं, आता कुठे तुला थोडं समाधान मिळालंय, ते कशाला काढून घ्या. चांगलं कारण सापडलं की माणूस किती निवांत होतो. पुढे तुझं पोटाचं दुखणं सुरू झालं, मग दवाखाने, मग वॉर्ड. शेवटच्या आठवड्यात एक अख्खी दुपार आपण दोघीच होतो. तू जागी होतीस, शुद्धीत होतीस, संत्र्याची फोड चोखत होतीस. नर्स आली नाही, डॉक्टर आले नाहीत, कुणीही आलं नाही. मी बोलले नाही, एवढंच. तू गेल्यावर तुझ्या हातावर गंगाजल घालताना अप्पांची बहीण हळहळून म्हणाली, "केवढा हातगुण होता एके काळी." एके काळी. ते ऐकून मी रडायला लागले, आणि सगळ्यांना वाटलं मुलगी आता मोकळी झाली.

लॅब मी त्यानंतर वर्षभरात सोडली. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता निवृत्तही झाले. दरवर्षी माव्यानं पसरणाऱ्या विषाणूंचा धडा आला की मी फळ्यावर सात चौकोन काढायचे, शेजारीशेजारी, आणि एका बाईच्या मळ्याची गोष्ट सांगायचे. खंड का घ्यायचा, फवारणी का करायची नाही, निरोगी दिसणारं रोप कसं फसवतं. मुलं टिपून घ्यायची. इतकं नीट, इतकं सोपं करून सांगायचे मी, की शेवटच्या बाकावरच्यालाही कळायचं. कुणी कधी विचारलं की मॅडम, रोग तिथे आला कुठून, तर मी म्हणायचे, बाहेरून आणलेल्या रोपावरून. पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही.

आणि आता ज्याच्यासाठी कागद घेऊन बसले ते. तुझ्यानंतर नात्यातल्या सगळ्या घरांचे घट माझ्याकडे आले. तू फिरायचीस तशी मी फिरते, आता रिक्षानं. परवा अप्पांच्या बहिणीच्या घरी गेले होते. ती नव्वदीची झाली आहे, खुर्चीत बसून सगळं ऐकते. तिची नवी नातसून, पुण्याची मुलगी, इथलं तिला काही ठाऊक नाही. मी धान्य टाकत होते, ती मोबाइल बाजूला ठेवून बघत होती. म्हणाली, "मावशी, किती सुंदर पडतं तुमच्या हातून, एकसारखं. हा हातगुण कुणाकडून आला तुम्हाला? आईकडून का?" किती साधा प्रश्न. तिनं उत्तरसुद्धा माझ्या हातात ठेवलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं. नोकरी जायची नव्हती, सर वारले, अक्का वारली, आता मी घाबरावं असं कुणी उरलेलं नाही. पण खुर्चीतली म्हातारी माझ्याकडे बघत होती. हो म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, अग तिचा तर गेला होता, आणि मग मला सगळं सांगावं लागलं असतं.

मी मूठ पुन्हा भरली आणि म्हणाले, "नाही ग, कुणाकडून नाही. माझा आपला असाच आहे."